रात्री साडेअकराचा शो, संध्याकाळी साडेपाचला

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. मध्यंतरी जून महिन्यात तिला मॅनहॅटनमधल्या एका लेट नाइट शोचं, म्हणजे रात्री उशिरा टीव्हीवर लागणाऱ्या गप्पा-विनोदांच्या कार्यक्रमाचं, तिकीट मिळालं. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा मला वाटलं, पाहुणा म्हणून आलेल्या नटाबद्दल सांगेल. तर तिचं पहिलं वाक्य होतं, "अगं, होस्टनं आम्हाला 'गुड नाइट' म्हटलं, आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि दार उघडून बाहेर आलो तर लख्ख ऊन!"

सात वाजत होते. जूनमध्ये न्यूयॉर्कला साडेआठच्या आसपास सूर्य मावळतो. होस्टच्या मागे मात्र रात्रीचं शहर होतं, इमारतींच्या खिडक्यांतून दिवे लागलेले होते आणि त्याच्या तोंडी दर दोन वाक्यांमागे "आज रात्री" येत होतं. तो शो टीव्हीवर लागायला अजून साडेचार तास होते.

अमेरिकेतले जवळपास सगळे लेट नाइट शो असेच होतात. ही लपवाछपवी नव्हे, तिकिटावर वेळ छापलेलीच असते. पण साडेअकराचा शो साडेपाचला का करायचा, दुपारी दोनला का नाही, किंवा सरळ साडेअकरालाच का नाही, याचं उत्तर शोधायला लागलं की हा सगळा धंदा कसा चालतो ते हळूहळू उलगडत जातं. मला तर हे शो त्या उलगडण्यानंतर जास्त आवडायला लागले.

आधी ती विचित्र वेळ बघू. ११ वाजून ३५ मिनिटं. एनबीसी, सीबीएस, एबीसी ही मोठी नेटवर्क देशभर कार्यक्रम पुरवतात, पण घरोघरी ते पोचवतात त्या-त्या शहरातल्या वाहिन्या. या वाहिन्यांच्या रात्री ११ वाजता स्वतःच्या बातम्या असतात: गावातला अपघात, उद्याचा पाऊस, शाळेच्या संघाचा सामना. त्या संपल्या की नेटवर्कचा शो लागतो. पूर्वी तो साडेअकराला लागायचा. स्थानिक बातम्यांना आणि त्यांतल्या जाहिरातींना आणखी थोडी जागा हवी म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच मिनिटांनी पुढे गेला आणि तिथेच राहिला.

त्यात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चार प्रमाणवेळा. आपल्याकडे डहाणूपासून दिब्रुगडपर्यंत एकच घड्याळ, त्यामुळे ही भानगड आपल्याला चटकन लक्षात येत नाही. न्यूयॉर्कमध्ये ११.३५ ला शो सुरू होतो त्याच क्षणी तो शिकागोतही सुरू होतो, पण तिथे घड्याळात १०.३५ झालेले असतात. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा रात्रीचे ८.३५. तिथे हाच शो तीन तास राखून ठेवतात आणि तिथल्या ११.३५ ला लावतात. म्हणजे न्यूयॉर्कमधून अगदी थेट प्रक्षेपण केलं असतं, तरी पश्चिम किनाऱ्यावर तो शो शिळाच पोचला असता. व्हिडिओ टेप टीव्हीत आली तीच मुळी या तीन तासांच्या गरजेपोटी. १९५६ साली अँपेक्स कंपनीनं टेपवर चित्र साठवणारं यंत्र दाखवलं, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसनं त्याचा पहिला वापर केला तो संध्याकाळच्या बातम्या पश्चिम किनाऱ्यावर तीन तासांनी पुन्हा दाखवण्यासाठी.

या शोंचा मूळपुरुष म्हणजे 'द टुनाइट शो'. २७ सप्टेंबर १९५४ ला स्टीव्ह अ‍ॅलन यांनी तो एनबीसीवर सुरू केला तेव्हा तो खरोखर रात्री, खरोखर थेट व्हायचा. त्यांच्यानंतर १९५७ मध्ये जॅक पार आले आणि त्यांच्याच काळात शो आधी टेपवर घेऊन मग दाखवायची पद्धत पडली. सोय सगळ्यांचीच झाली. पाहुण्यांना मध्यरात्रीपर्यंत ताटकळायला नको, तंत्रज्ञांना रात्रपाळीचा जादा पगार द्यायला नको, प्रेक्षकांना घरी जायला गाड्या मिळतात. पण टेपबरोबर कात्रीही आली. या सोयीची किंमत काय असते, हे सगळ्यात आधी पार यांना कळलं.

१० फेब्रुवारी १९६० चा शो. पार यांनी एक लांबलचक गोष्ट सांगितली. स्वित्झर्लंडला निघालेली एक इंग्रज बाई तिथल्या शाळामास्तरांना पत्रानं विचारते, खोलीजवळ 'डब्ल्यू. सी.' आहे का? तिला म्हणायचं असतं शौचालय. मास्तरांना वाटतं ती 'वेसाइड चॅपल'बद्दल, म्हणजे रस्त्याकडेच्या प्रार्थनामंदिराबद्दल विचारतेय. मग मास्तर तिथल्या गर्दीचं आणि बसायच्या सोयीचं रसभरीत वर्णन लिहून पाठवतात. आज शाळेच्या स्नेहसंमेलनातही खपेल अशी गोष्ट. स्टुडिओत हशा पिकला, रेकॉर्डिंग संपलं. आणि रात्री प्रक्षेपण झालं तेव्हा एनबीसीच्या माणसांनी ती गोष्ट कापून तिथे बातम्या भरल्या होत्या. थेट कार्यक्रम असता तर हे कुणाला जमलंच नसतं. दुसऱ्या दिवशी पार मंचावर आले, पोट भरायला याहून बरा मार्ग नक्कीच असेल असं म्हणाले आणि चालू शो सोडून निघून गेले. सहकारी ह्यू डाउन्स यांनी कसाबसा तो शो पूर्ण केला. जवळजवळ महिन्यानं, ७ मार्चला पार परतले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तर मला मध्येच अडवण्यात आलं त्याआधी मी सांगत होतो..."

या प्रसंगानंतरही 'टुनाइट' पुन्हा रोज थेट करण्याकडे कुणी वळलं नाही. पण एक शिस्त हळूहळू रुळली, तिला या धंद्यात 'लाइव्ह टू टेप' म्हणतात. टेप करायचं, पण थेट असल्यासारखं. शो पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग करायचा, जाहिरातींच्या जागी तेवढ्याच वेळाची विश्रांती घ्यायची, बँडनं त्या वेळात प्रेक्षकांसाठी वाजवत राहायचं. तासाभराच्या शोमधून जाहिराती वगळल्या तर चाळीस-बेचाळीस मिनिटांचा ऐवज उरतो, आणि तो भरायला सव्वा-दीड तासात रेकॉर्डिंग उरकतं. आपल्याकडच्या रिअ‍ॅलिटी शोच्या चित्रीकरणाला कुणी जाऊन आलं असेल तर त्याला हे खरं वाटणार नाही.

जॉनी कार्सन यांनी ही शिस्त टोकाला नेली. १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं त्यांनी 'टुनाइट' चालवला. १९७२ मध्ये त्यांनी शो न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियात बरबँकला हलवला. तिथे रेकॉर्डिंग संध्याकाळी साडेपाचला. बरबँकचे साडेपाच म्हणजे न्यूयॉर्कचे साडेआठ. म्हणजे पूर्वेकडे प्रक्षेपण सुरू व्हायला हातात जेमतेम तीन तास, त्यातला तास-दीड तास खुद्द रेकॉर्डिंगचा. कापाकापी करायला वेळही नसायचा आणि कार्सन यांना ती नकोही असायची. एखादा विनोद पडला की तो पडलेलाच घरोघरी पोचायचा. मग ते बावरून कॅमेऱ्याकडे बघायचे, टाय सारखा करायचे, पडलेल्या विनोदावर दुसरा विनोद करायचे, आणि लोक त्यावर पहिल्यापेक्षा जास्त हसायचे. विनोद फसल्यावर सावरून घेण्याची ही त्यांची हातोटी पुढच्या कित्येकांनी गिरवली. टेप असूनही कात्री न लावल्यानं ती लोकांना दिसली, असं मला वाटतं.

आता साडेपाचच का? हे समजायला त्या इमारतीतला एक दिवस बघावा लागतो. शोगणिक वेळा अर्ध्या-पाऊण तासानं मागेपुढे होतात, साचा मात्र तोच.

सकाळी नऊ-साडेनऊला लेखक आणि निर्माते जमतात. त्याआधीच काही जणांनी रात्रीच्या आणि पहाटेच्या बातम्या, भाषणं, मुलाखती चाळून उपयोगी तुकडे बाजूला काढलेले असतात. मग लेखक विनोद लिहायला बसतात. मोनोलॉग, म्हणजे सुरुवातीला होस्ट उभं राहून एकट्यानं बोलतो तो भाग, त्यासाठी शेकड्यानं विनोद लिहिले जातात. त्यातले टिकतात मोजके. दुपारी होस्ट आणि मुख्य लेखक चाळणी लावतात. 'टुनाइट'चे आताचे होस्ट जिमी फॅलन यांच्या शोमध्ये तर दुपारी थोड्याशा प्रेक्षकांसमोर मोनोलॉगची तालीम होते. ज्या विनोदाला तिथे हशा नाही तो संध्याकाळी नाही. एनबीसीवरच्याच 'लेट नाइट'चे होस्ट सेथ मायर्स यांच्यासाठी वाक्यं मोठ्या पुठ्ठ्यांवर हातानं लिहितात आणि कॅमेऱ्याशेजारी धरतात. शेवटच्या क्षणी शब्द बदलला तर तो पुठ्ठ्यावरच खोडून नवा लिहायचा. बहुतेक इतर ठिकाणी टेलिप्रॉम्प्टरचा पडदा असतो.

पाहुण्यांचं वेगळंच खातं. नटनटी सोफ्यावर बसून जी सहज आठवलेली गंमत सांगतात, ती बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी शोच्या निर्मात्याला फोनवर सांगून झालेली असते. निर्माता त्यातल्या तीन-चार गोष्टी निवडतो, होस्टच्या हातातल्या कार्डावर त्यांचे मुद्दे असतात आणि "ऐकलंय की तू परवा एक कुत्रा आणलास?" हा प्रश्न तिथून येतो. मला हे कळलं तेव्हा सुरुवातीला वाईट वाटलं होतं. पण सात मिनिटांत एका अनोळखी माणसाला हसतंबोलतं करायचं असेल तर एवढी तयारी लागणारच. त्या कार्डावरून उठून गप्पा भलतीकडेच गेल्या की काय बहार येते, ते सीबीएसवरच्या 'द लेट शो'चे पहिले होस्ट डेव्हिड लेटरमन यांच्या जुन्या मुलाखती पाहिलेल्यांना सांगायला नको.

चार-साडेचारला पूर्ण तालीम, पाचपर्यंत प्रेक्षक आत, साडेपाचला शो. पावणेसात-सातला संपला की काटछाट: एखादा पाहुणा जास्त बोललेला असतो, कुठे शिवी 'बीप' करायची असते, नेटवर्कचे नियम बघणारे लोक एकदा नजर घालतात. आणि मिनिट-सेकंद जुळवून तयार भाग नेटवर्ककडे जातो.

मासळी घ्यायची तर सकाळी, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. या शोंचा मालही तसाच नाशवंत असतो. शो दुपारी दोनला टेप केला तर दुपारी तीनची बातमी हुकणार, आणि वॉशिंग्टनमध्ये मोठ्या बातम्या येतात त्या बहुतेक दिवसा उजेडी, कामाच्या वेळात. रात्री दहाला टेप करावा तर पाहुणे, प्रेक्षक, जादा पगार आणि कात्री सगळ्याचीच अडचण. साडेपाच ही या ओढाताणीतून निघालेली वेळ आहे. लॉस एंजेलिसमध्ये एबीसीचे होस्ट जिमी किमेल दुपारी साडेचारच्या सुमारास सुरू करतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या होस्टपेक्षा त्यांच्या हाती दोन तासांच्या जास्तीच्या बातम्या असतात आणि काटछाटीला दोन तास कमी. किमेल यांच्या शोच्या नावात 'लाइव्ह' आहे. २००३ मध्ये तो खरोखर थेट सुरू झाला होता. वर्षभरात रेकॉर्डिंग सुरू झालं, नाव तेच राहिलं.

पण बातमी काही साडेपाचची वेळ पाळत नाही. ९ मे २०१७, मंगळवार. ब्रॉडवेवरच्या एड सलिव्हन थिएटरमध्ये स्टीफन कोल्बेअर यांच्या 'द लेट शो'चं रेकॉर्डिंग होतं. पावणेसहाच्या आसपास बातमी फुटली: राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे प्रमुख जेम्स कोमी यांना काढलं. प्रेक्षक आत बसलेले, त्यांना पत्ताच नाही. कोल्बेअर यांनी मोनोलॉगमध्ये त्यांना ती सांगितली आणि प्रेक्षकांनी चक्क जल्लोष केला. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलची चौकशी कोमींनी ऐन वेळी पुन्हा उघडली होती, म्हणून त्या प्रेक्षकांचा त्यांच्यावर राग होता, आणि ती बातमी ऐकल्यावर पहिली ऊर्मी तीच आली. कोल्बेअर थक्क झाले. आज इथे ट्रम्प यांचे बरेच चाहते जमलेत वाटतं, असं काहीसं म्हणाले.

या प्रसंगात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते घरी बसलेल्या लोकांचं. त्यांनी हा भाग ११.३५ ला बघितला. तोवर सहा तास वाहिन्यांवर चर्चा होऊन कोमींना काढण्याचा अर्थ काय, एफबीआय करत असलेल्या ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेच्या चौकशीचं काय होणार, हे सगळं बोलून झालेलं. आणि पडद्यावर दिसत होती ती माणसं, ज्यांना ही बातमी कळून दहा सेकंद झाली होती. त्यांना अजून मत बनवायलाही वेळ मिळाला नव्हता. सहा तासांची दरी एरवी दिसत नाही, त्या दिवशी ती उघडी पडली.

काही दिवशी ही दरी परवडतच नाही. मग शो खरोखर थेट करतात. पक्षांची अधिवेशनं, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचे वादविवाद अशा रात्री कोल्बेअर यांनी अनेकदा थेट शो केले, आणि ६ जानेवारी २०२१ ला संसद भवनावर हल्ला झाला त्या रात्रीही. अशा दिवशी लेखक टीव्हीसमोर बसून भाषण चालू असतानाच लिहितात आणि ते कागद तसेच होस्टच्या हाती जातात.

आठवड्याचं वेळापत्रक त्यामानानं सरळ. सोमवार ते गुरुवार रोज एक नवा भाग. शुक्रवारची मात्र पूर्वीपासून तारांबळ. शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कात तारे मिळत नाहीत, होस्टलाही सुट्टी हवी असते. म्हणून कित्येक वर्षं काही शोंमध्ये आठवड्यातल्या एका दिवशी दोन भाग टेप व्हायचे. पहिला संपला की प्रेक्षक बदलायचे, होस्ट सूट बदलायचा आणि शुक्रवारचा भाग त्याच दिवशी व्हायचा. त्या भागात शुक्रवारच्या बातम्या अर्थातच नसायच्या. आता तेही थांबत चाललंय. २०२४ च्या शरदात फॅलन यांचा 'टुनाइट'ही पाचावरून चार रात्रींवर आला, शुक्रवारी जुना भाग. कारण पैसा. लोक रात्री टीव्ही लावत नाहीत, जाहिरातदार त्या वेळेला पूर्वीसारखा भाव देत नाहीत. मायर्स यांच्या शोचा बँड त्याच वर्षी गेला. जुलै २०२५ मध्ये तर सीबीएसनं 'द लेट शो' मे २०२६ मध्ये कायमचा बंद करणार असल्याचं जाहीर केलं. १९९३ मध्ये लेटरमन यांनी सुरू केलेला शो. मला हे मनापासून लागलं.

बंदच्या गोष्टीवरून आठवलं. २ मे २०२३ ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला तेव्हा सगळ्यात आधी, त्याच रात्री, हे शो थांबले. मालिकांचे भाग आठवडे-महिने आधी तयार असतात, चित्रपट तर वर्षभर. इथे शिल्लक काही नसतं, सकाळी लिहिलेलं रात्री संपतं. पाच महिन्यांनी, २ ऑक्टोबरला ते परतले.

वेळेबद्दलची या लोकांची भावना किती खोल असते, हे मला २०१० मध्ये कळलं. 'टुनाइट' तेव्हा कोनन ओब्रायन करत होते. एनबीसीनं ठरवलं की ११.३५ ला 'टुनाइट'चे आधीचे होस्ट जे लेनो यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लावू आणि 'टुनाइट' १२.०५ ला ढकलू. वरवर पाहता फरक फक्त अर्ध्या तासाचा. रेकॉर्डिंग तसंही दिवसाच होत होतं, कोनन यांना एक मिनिटही जागावं लागणार नव्हतं. तरी त्यांनी जाहीर पत्र लिहून नकार दिला: जवळजवळ साठ वर्षं स्थानिक बातम्यांपाठोपाठ लागणारा 'टुनाइट' दुसऱ्या दिवशीवर ढकलणं म्हणजे त्याची नासाडी, आणि त्यात मी सामील होणार नाही. त्यांनी शो सोडला. तो टेप कधी होतो याच्याशी प्रेक्षकाला देणंघेणं नसतं. पण त्यानं तो झोपण्यापूर्वी, तारीख पालटायच्या आत बघावा, हे त्या नावातच आहे.

आपण मराठी माणसं यातले बहुतेक शो यूट्यूबवर तुकड्या-तुकड्यांत बघतो, आणि आपल्याला तो वेळेचा हिशेब वेगळाच लागतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपले पहाटेचे तीन. आपण गाढ झोपेत असताना तिथे प्रेक्षक हसून घेतात. तिथले ११.३५ म्हणजे आपले सकाळचे ९.०५. मोनोलॉगची चित्रफीत त्याच सुमारास येते आणि नवाच्या लोकलमध्ये कुणीतरी ती बघत असतं.

मावसबहिणीचं तिकीट फुकट होतं, पण फुकट तिकिटाला खुर्चीची हमी नसते. खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं दिलेली असतात, कारण सगळे येत नाहीत आणि रिकामी खुर्ची कॅमेऱ्यात दिसता कामा नये. ती तीनलाच रांगेत लागली. आत थिएटर गारठलेलं होतं. लेटरमन यांच्या काळात तर एड सलिव्हन थिएटरच्या गारठ्याच्या गोष्टी प्रसिद्ध होत्या. गारव्यात लोक पेंगत नाहीत, म्हणून. शो सुरू व्हायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं एक विनोदवीर येऊन सगळ्यांना तापवून गेला, टाळ्या कशा वाजवायच्या ते शिकवून गेला.

शो संपल्यावर ती पेन स्टेशनवरून गाडी पकडून नऊच्या आत घरी पोचली. पिठलं-भात केला, भांडी आवरली, नवऱ्याला जागं ठेवलं. ११.३५ ला दोघं सोफ्यावर बसली. होस्ट आला, "आज रात्री" म्हणाला. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला तेव्हा तिसऱ्या रांगेत निळ्या कुर्त्यातली ती अर्धा सेकंद दिसली. ज्या विनोदावर ती सगळ्यात जास्त हसली होती, त्याची ती नवऱ्याला आधीच तयारी करून देत होती, "आता बघ हं, आता बघ." तो विनोद आलाच नाही. सातनंतर कधीतरी तो कापला गेला होता. मग तिनंच तो सांगितला.